बांधलेली वाळू

मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कामकाजाचा तिसरा खंड 1823 मध्ये छापून निघाला. हीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपाला आली. त्या खंडात कॅप्टन जेम्स मॅकमर्डो या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली कच्छच्या भूकंपाची हकिकत आहे. भूकंप 16 जून 1819 चा. मॅकमर्डो तेव्हा कच्छमध्ये कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि अंजारला राहत होता. भूजमध्ये हजारावर माणसे दगावली, कोट पडले, दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार ढासळले. रणाच्या काठचा सिंद्रीचा किल्ला भोवतालच्या मुलखासकट खचला आणि पाण्याखाली गेला. आतली माणसे बुरुजावर चढून बसली आणि दुसऱ्या दिवशी होडीने सुटली. उत्तरेला जमिनीचा लांबच लांब उंचवटा वर आला, त्याला लोकांनी अल्लाबंध म्हटले. चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात सिंद्रीचे चित्र छापले आणि ही घटना जगभर गेली.

सिंद्री खचली, अल्लाबंध उचलला गेला, हे भूकवचाच्या हालचालीचे काम. माझ्या धंद्यातला माणूस थांबतो तो दुसऱ्या एका तपशिलापाशी. रणाच्या सपाट जमिनीतून त्या दिवशी पाणी आणि वाळू उसळून वर आली. आजूबाजूला डोंगर नाही, झरा नाही, आणि पायाखालची जमीन कारंज्यासारखी उडते. याचे कारण शोधायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि त्या कारणाचा एक भाग आमच्या हातून अजूनही निसटतो. तो भाग म्हणजे वाळूच्या दाण्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर.

मी माती परीक्षणवाला इंजिनिअर. जिथे बंदर, पूल किंवा तेलाच्या टाक्या व्हायच्या असतील तिथे आधी जायचे, बोअर घ्यायचे, नमुने पुण्याला आणायचे आणि अहवाल द्यायचा, यात माझी उमेदीची वर्षे गेली. आमचा अहवाल बहुधा कोणी पूर्ण वाचत नाही. शेवटच्या पानावरचा भारक्षमतेचा आकडा पाहतात आणि फाइल बंद होते. वाळूचा इतिहास आधीच्या पानांत असतो, म्हणून तो इथे सांगतो.

सैल वाळूचे दाणे एकमेकांना टेकून उभे असतात. वरच्या मातीचा आणि इमारतीचा भार या टेकण्यातूनच खाली उतरतो. दाण्यांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलेले असते. जमीन हादरली की सैल दाणे खाली बसू पाहतात, पोकळ्या लहान होऊ पाहतात. पण तेवढ्या काही सेकंदांत पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग दाण्यांवरचा भार पाण्यावर येतो. प्रत्येक हेलकाव्याला पाण्याचा दाब चढतो आणि एका क्षणी दाण्यांची एकमेकांवरची पकड शून्यावर येते. त्या क्षणापासून ती वाळू द्रवासारखी वागते. जड इमारती रुततात, जमिनीखालच्या रिकाम्या टाक्या आणि मॅनहोल वर तरंगतात, आणि कोंडलेले पाणी वाळू बरोबर घेऊन भेगांतून उसळते. यालाच द्रवीकरण म्हणतात. साइटवर सगळे लिक्विफॅक्शनच म्हणतात.

या साऱ्या गणितात दाणे सुटे धरलेले आहेत. निसर्गात ते पुष्कळदा सुटे नसतात. भूजलातून येणारा चुना, शंख-शिंपल्यांतून विरघळलेला चुना, कधी सिलिका, कधी लोहाचा गंज, हे सारे दाणे जिथे एकमेकांना टेकतात नेमके तिथे जमत जाते. शंभर वर्षांत थोडे, हजार वर्षांत अधिक. त्याची शेवटची पायरी मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. एकोणिसाव्या शतकात फोर्टातल्या इमारतींच्या नक्षीकामाला पोरबंदरचा दगड आणला गेला. तो दगड म्हणजे चुनखडीच्या बारीक दाण्यांची, बहुतांशी वाऱ्याने आणून टाकलेली वाळू, चुन्यानेच जखडली गेलेली. दापोलीच्या बाजूला किनाऱ्यावर शिंपल्यांच्या वाळूचा असाच झालेला दगड सापडतो, त्याला करळ म्हणतात. माझ्या आजोळच्या विहिरीचे बांधकाम त्याचेच आहे. गंगेच्या मैदानात जुना गाळ म्हणजे भांगर आणि नवा गाळ म्हणजे खादर. भांगरात कंकराचे गोळे सापडतात, खादरात सहसा नाही. आपल्याकडे काळ्या रानात नांगराला लागणारी चुनखडी हाही त्याच जातीचा प्रकार. ती भाजून, घाणीत मळून आपण शतकानुशतके वाडे बांधले.

एका टोकाला भरतीच्या रेषेवरची सुटी वाळू आणि दुसऱ्या टोकाला कोरीव काम होण्याइतका दगड. या दोन टोकांच्या मधे जी वाळू आहे, जी हातात घेतली तर सुटी वाटते पण जागेवर मात्र किंचित बांधलेली असते, तिचाच सगळा पेच आहे.

इंजिनिअरांना द्रवीकरणाची ओळख आधी झाली ती धरणांमुळे. 1918 मध्ये कॅलिफोर्नियात कालावेरास धरणाचा भराव बांधकाम चालू असतानाच वाहून घसरला. ॲलन हेझन याने 1920 मध्ये त्याची कारणमीमांसा करताना पाण्याच्या दाबाने दाण्यांची पकड सुटली असे मांडले. 1936 मध्ये हार्वर्डच्या आर्थर कासाग्रांद याने वाळूची एक ठरावीक घनता असते, तिच्याहून सैल वाळू हादऱ्याने बसू पाहते आणि तिच्याहून घट्ट वाळू उलट फुगू पाहते, हे दाखवले. या दोघांचे काम मोठे आहे. पण त्यानंतर साऱ्या धंद्याची नजर एकाच गोष्टीवर खिळली, ती म्हणजे वाळू घट्ट आहे की सैल. ती किती जुनी आहे आणि तिच्या दाण्यांमध्ये काय साचले आहे, हा प्रश्न मागे राहिला.

आपल्याकडे 15 जानेवारी 1934 ला दुपारी सव्वादोनच्या सुमारास बिहार-नेपाळचा भूकंप झाला. हा भूकंप पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. तो वाद सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसे सीतामढी, मधुबनी, पूर्णिया या भागांत गावोगाव फिरून खचलेल्या घरांच्या नोंदी करत होती, याची आठवण कमी जणांना आहे. 1939 मध्ये त्यांचा प्रबंध आला. सुमारे 300 किलोमीटर लांबीच्या एका पट्ट्यात घरे पडली नव्हती, ती तिरकी होऊन जमिनीत रुतली होती. शेतांवर वाळूचा थर पसरला होता, विहिरी वाळूने भरल्या होत्या. या पट्ट्याला त्यांनी खचपट्टा असे नाव दिले. द्रवीकरणाचा इतका मोठा आणि इतका काळजीपूर्वक काढलेला नकाशा तोवर जगात क्वचितच झाला असेल. दुर्दैवाने तो भूवैज्ञानिकांच्या कपाटात राहिला, इंजिनिअरांच्या टेबलावर आला नाही.

टेबलावर आला तो जपानमधल्या निईगाताचा भूकंप. तारीख पुन्हा 16 जून. कच्छच्या भूकंपाला त्या दिवशी 145 वर्षे झाली होती. 1964 साली 7.5 तीव्रतेच्या या भूकंपात कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली इमारती न मोडता कलंडल्या. एक तर जवळपास आडवी झाली आणि लोक भिंतीवरून चालत खाली उतरले. जेमतेम महिन्यापूर्वी पूर्ण झालेल्या शोवा पुलाचे गाळे शिनानो नदीत पडले. मृतांचा आकडा 26, म्हणजे एवढ्या पडझडीच्या मानाने लहान; त्यामुळे जगभरच्या इंजिनिअरांना मोडतोडीकडे शांतपणे पाहता आले. आणि त्यांना दिसले ते असे की समुद्राकडच्या जुन्या वाळूच्या टेकड्यांवरची घरे जवळपास शाबूत होती, आणि नदीचे जुने पात्र बुजवून केलेल्या जमिनीवर हाहाकार होता. टेकड्यांवरची वाळू घट्ट होती, तिथे पाणीही खोल होते. पण ती जुनीही होती. पहिली दोन कारणे लगेच सूत्रांत बसली. तिसरे बसायला वेळ लागला.

बर्कलीचा हॅरी बोल्टन सीड याने केनेथ ली याच्याबरोबर 1966 मध्ये वाळूच्या नमुन्याला प्रयोगशाळेत उलटसुलट भार देऊन द्रवीकरण घडवून दाखवले. 1971 मध्ये सीड आणि इद्रिस यांनी सोपी पद्धत मांडली. भूकंप जमिनीवर किती जोर लावतो ते एका बाजूला, वाळू किती सोसते ते दुसऱ्या बाजूला. सोसण्याचे माप घ्यायला त्यांनी आमचे जुने हत्यार निवडले, स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, बोअरच्या तळाशी ठेवलेला पोकळ नळ वाळूत ठोकायचा, पहिले 15 सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढचे 30 सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते लिहायचे. आलेला आकडा म्हणजे एन. आज भारतात कुठेही बोअर घ्या, द्रवीकरणाचा निकाल बहुतेक वेळा या ठोक्यांवरच लागतो.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका साइटवर आमच्या बोअरवर दरभंग्याचा एक मिस्त्री होता. आजीने सांगितलेल्या 1934 च्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. त्यांच्या शेतात वाळू इतकी आली की दोन पिढ्या तिथे कांदासुद्धा धरला नाही, असे तो सांगायचा. ट्रायपॉडवरून हातोडा पडत असताना तो दोरीवर हात ठेवून उभा राहायचा. एकदा म्हणाला, “साहेब, ही रेती खोटं बोलते आहे. पहिल्या ठोक्याला धरते, मग सोडून देते.” नळ उघडला. आत सुटी, राखाडी, अगदी सामान्य वाळू. पण कडेला सुपारीएवढे दोन-तीन खडे होते. बोटांत धरून दाबले की त्यांचा भुगा व्हायचा, आणि भुग्यावर आम्लाचा थेंब टाकला की फेस यायचा. चुना होता. हातोड्याने जे मोजायचे तेच मोजण्याआधी मोडले होते. आणि ज्या पहिल्या 15 सेंटिमीटरला त्या बांधणीची चाहूल लागली, ते तर नियमानेच हिशेबातून बाहेर असतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत तो नमुना पोहोचला तेव्हा त्यात बांधणीचा मागमूस नव्हता. अहवालात “बारीक ते मध्यम वाळू, मध्यम घट्ट” असे लिहिले गेले, कारण नमुना तेच सांगत होता.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बर्कलीतच दिसून आले की वाळूचा नमुना नुसता दाबाखाली शंभर दिवस पडू दिला तरी त्याची द्रवीकरणाला तोंड देण्याची ताकद साधारण पाव हिश्श्याने वाढते. घनतेत जवळपास फरक नाही, तरी ताकद वाढते. अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी जुन्या भूकंपांच्या नोंदी चाळल्या तेव्हा तोच धडा मोठ्या प्रमाणावर दिसला. काही शे वर्षांच्या आतली वाळू सर्वांत आधी द्रवते, काही हजार वर्षांची कमी, आणि शेवटच्या हिमयुगाच्या आधीची क्वचितच. जपानमध्ये योशिआकी योशिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धाडसी मार्ग धरला. वाळू जागेवरच गोठवायची आणि बर्फाने जखडलेला गाभा जसाच्या तसा कापून आणायचा. अशा नमुन्यांची ताकद, तीच वाळू प्रयोगशाळेत तितकीच घट्ट भरून केलेल्या नमुन्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाली. घनता तीच, दाणे तेच. फरक होता तो दाण्यांच्या मांडणीचा आणि त्यांच्या टेकण्याच्या जागी साचलेल्या काळाचा.

नेमके किती बांधले तर किती फायदा, हे मोजण्याचे काम ऐंशीच्या दशकात झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्राकाठी किंचित बांधलेल्या वाळूचे उभे कडे आहेत. सुटी वाळू कधी त्या कोनात उभी राहणार नाही. वेन क्लफ यांनी सहकाऱ्यांसह आधी 1981 मध्ये अशा वाळूच्या सामान्य ताकदीवर आणि मग 1989 मध्ये तिच्या द्रवीकरणावर निबंध लिहिले. इस्रायलमध्ये फ्रिडमन आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच 1980 मध्ये बांधलेल्या वाळूचा असा अभ्यास केला होता. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूटमध्ये सुरेंद्र सक्सेना यांच्या गटाने 1988 मध्ये वाळूत पोर्टलंड सिमेंट मिसळून तोच प्रश्न उलट बाजूने तपासला. सगळ्यांच्या निष्कर्षांचा गाभा एकच. वजनाच्या एक-दोन टक्के सिमेंटनेसुद्धा वाळूची सोसण्याची ताकद लक्षणीय वाढते. सैल वाळूला घट्ट करण्यापेक्षा तिला किंचित बांधणे कधीकधी अधिक कामाचे ठरते.

त्या निष्कर्षांची दुसरी बाजू मात्र तितकीच महत्त्वाची आहे. पाक कमी पडलेली चिक्की आकार धरून बसते, जरा जोर लावला की एकदम फुटते आणि हातात सुटे शेंगदाणे उरतात. हलकी बांधलेली वाळू तशीच. बंध टिकेपर्यंत ती जवळपास हलत नाही, पाण्याचा दाबही चढत नाही. भूकंपाचा जोर बंधांच्या पलीकडे गेला की मात्र ती झपाट्याने सुट्या वाळूच्या वळणावर जाते. सुटी वाळू हळूहळू इशारा देते, बांधलेली देत नाही. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्य समुद्रात नॉर्थ रँकिन या वायूमंचाचे पाइल अशाच शंख-शिंपल्यांच्या, अर्धवट बांधलेल्या थरांत ठोकले जात होते. ठोकण्यानेच बंध मोडले आणि पाइल आपल्याच वजनाने कित्येक मीटर खाली गेले. कागदावर ती जमीन बरी दिसत होती.

हातोड्याला हे बंध दिसत नाहीत म्हणून धंदा दुसऱ्या मापाकडे वळला. जमिनीवर किंवा बोअरमध्ये हलका धक्का देऊन शिअर वेव्ह किती वेगाने जाते ते मोजायचे. ही लहर इतकी नाजूक असते की ती बंध मोडत नाही. दाणे किंचित जरी जोडलेले असले तरी तिचा वेग वाढतो. आंद्रुस आणि स्टोको यांनी 2000 मध्ये दिलेल्या आलेखात, दाबाची दुरुस्ती करून सेकंदाला साधारण 215 मीटरपेक्षा जास्त वेग असलेली स्वच्छ वाळू द्रवत नाही असे मानले जाते. पण तो आलेख नव्या, न बांधलेल्या वाळूसाठी आहे, ही अट साइटवर सहज विसरली जाते. बांधलेल्या वाळूत लहर बंधांचे मोल फुगवून सांगते, कारण भूकंपाचा हेलकावा तिच्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्यात ते बंध टिकतीलच असे नाही. हातोडा कमी सांगतो, लहर जास्त सांगते. दोन्ही घ्यावेत आणि त्यांच्यातले अंतर पाहावे. ते अंतरच बांधणीची खूण आहे. हे आमच्या धंद्याला सुचायला निईगातानंतर तीस-पस्तीस वर्षे लागली.

आता माणसाने घातलेल्या बांधणीकडे वळू. 1802 मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरात शार्ल बेरिन्यी याने पाणी अडवणाऱ्या दाराच्या खालची पोकळ झालेली जमीन माती आणि चुन्याचे पातळ मिश्रण दाबाने भरून दुरुस्त केली. ग्राउटिंगचा इतिहास इथून सुरू झाला असे मानतात. 1925 मध्ये हूगो योस्टन याने सोडियम सिलिकेट आणि कॅल्शियम क्लोराइड एकामागून एक वाळूत सोडून तिचा जागेवर दगड करण्याची युक्ती शोधली. पन्नासच्या दशकात ॲक्रिलामाइडसारखी, पाण्याइतकी पातळ रसायने आली. ती बारीक वाळूतही शिरायची. 1974 मध्ये जपानमधल्या फुकुओका प्रांतात अशा ग्राउटमुळे विहिरीचे पाणी दूषित होऊन माणसे विषबाधेने आजारी पडली, आणि जपानने सिलिकेटवर आधारलेली सोडून बाकी रासायनिक ग्राउट बंद केली. जमीन बांधताना जमिनीतले पाणी कोण पिते याचा विचार करायचा असतो, हा धडा तिथे मिळाला.

जपानने मग दुसरा रस्ता धरला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तिथे मोठ्या गिरमिटांनी जमीन ढवळून तिच्यात आधी चुना, मग सिमेंट मिसळण्याचे तंत्र रूढ झाले. त्याची परीक्षा 17 जानेवारी 1995 ला पहाटे कोबेमध्ये झाली. बंदराच्या भरावावर सगळीकडे वाळू उसळली, धक्क्यांच्या भिंती समुद्राकडे सरकल्या. मेरिकेन पार्कमध्ये 14 मजली ओरिएंटल हॉटेल उभे राहत होते. त्याच्या पायाभोवती सिमेंटमिश्रित मातीच्या भिंतींची जाळी केलेली होती. शेजारचा धक्का सरकला, पण जाळीच्या आतली वाळू द्रवली नाही आणि पाया शाबूत राहिला. तिथे साऱ्या वाळूला बांधले नव्हते. तिला चौकोनांत अडवून हेलकावे खाऊ दिले नव्हते. या घटनेने धंद्याचा विचार बदलला.

त्यानंतर चालू विमानतळांच्या धावपट्ट्यांखाली सिलिकाचे पातळ द्रावण भरण्याची कामे निघाली. 2016 मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर उघड झाले की एका धावपट्टीखाली ठरलेल्या द्रावणाच्या जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास भरले गेले आणि नोंदी मात्र पूर्ण कामाच्या केल्या गेल्या. जमिनीखालचे काम दिसत नाही, म्हणून ते तपासण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. बांधणीच्या धंद्यातला हा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त नियम आहे. तो जपानमध्येही मोडला गेला.

2006 मध्ये जेसन डीजाँग आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंकडून वाळू बांधून घेतल्याचा निबंध प्रसिद्ध केला. मातीत राहणारा स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जिवाणू युरियाचे विघटन करतो, पाणी अल्कधर्मी होते, आणि बरोबर कॅल्शियम दिले तर दाण्यांच्या टेकण्याच्या जागी कॅल्साइट जमते. करळाला जे साधायला शतके लागली ते इथे काही दिवसांत होते. मागे अमोनियम उरते, ते धुऊन काढावे लागते. खर्चही मोठा आहे. पण बंधाची जागा अगदी योग्य आहे, जिथे दाणा दाण्याला टेकतो तिथेच.

26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊला कच्छने 1819 ची उजळणी केली. रणात पुन्हा पाणी आणि वाळू वर आली. उपग्रहाच्या चित्रांत कोरडी पात्रे ओली झालेली दिसली. चांग, फतेहगढ, शिवलखा, सुवी, टापर अशा मातीच्या धरणांचे भराव खचले किंवा घसरले, कारण त्यांच्या पायाखालची नदीची वाळू द्रवली. दुष्काळ होता, जलाशय जवळपास रिकामे होते, म्हणून खालची गावे वाचली. कांडला बंदरातला कस्टम कचेरीचा 22 मीटर उंच टॉवर कलला. त्याचे पाइल 18 मीटर लांब होते, वरच्या चिकणमातीतून जाऊन खालच्या वाळूत थांबत होते, आणि तीच वाळू द्रवली. मी त्यानंतर तिथे गेलो तेव्हा टॉवरकडे बोट दाखवून एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “सर, एन तर बरा होता.” मी त्याला खालच्या वाळूचे वय विचारले. ते कोणाच्याच फाइलमध्ये नव्हते.

त्याच प्रश्नाचे उत्तर पुढे दोन शहरांनी दिले. 2011 च्या भूकंपात टोकियोजवळच्या उरायासूत जुनी वस्ती ज्या जमिनीवर आहे तिथे वाळू उसळली नाही. शेजारी 1960 आणि 1970 च्या दशकांत भराव टाकून केलेल्या जमिनीवर, जिथे वाळू आधी दाबून घट्ट केली नव्हती तिथे, रस्ते चिखलाने भरले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये 2010 च्या सप्टेंबरपासून 2011 च्या डिसेंबरपर्यंतच्या भूकंपांत त्याच मोहल्ल्यांत वाळू पुन्हा पुन्हा वर आली, आणि शेवटी हजारो घरांची वस्तीच उठवावी लागली. एकदा द्रवून बसलेली वाळू पुढच्या वेळी आपोआप शहाणी होईल ही समजूत तिथे संपली. हादऱ्याने जुने बंध मोडतात आणि वाळूचे वय पुन्हा शून्यापासून मोजावे लागते.

हा सारा इतिहास आज आपल्या दारात आला आहे. पालघर जिल्ह्यात वाढवणला 30 ऑगस्ट 2024 ला बंदराची पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव व्हायचा आहे. त्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून लहान भूकंपांची मालिका लोकांनी अनुभवली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरही भराव वाढतो आहे. भूकंप मोठा होईलच असे मी म्हणत नाही. हा प्रदेश हिमालय किंवा कच्छ नाही. पण भरावाची वाळू ज्या दिवशी पडते त्या दिवशी तिचे वय शून्य असते. तिच्याजवळ ना हजार वर्षांचा चुना असतो, ना काळाची घट्ट मांडणी. तिला जे काही मिळणार ते माणसाने दिले तरच: दाबून, ढवळून किंवा ग्राउटने.

माझे मत असे आहे. नैसर्गिक बांधणी असली तर तिचा उपयोग जरूर करावा, पण ती ताकद हिशेबात पूर्ण धरू नये. बंध मोडल्यावर ती वाळू किती सोसेल याचे वेगळे गणित अहवालात असलेच पाहिजे. घातलेल्या बांधणीवर भरवसा ठेवायचा तर काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी पुन्हा बोअर घेऊन ती तपासलेली असली पाहिजे. तुम्ही भरावावरच्या इमारतीत घर घेत असाल, किनाऱ्यावरच्या गावात सरपंच असाल किंवा एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीला जात असाल, तर माती परीक्षणाच्या अहवालात तीन गोष्टी मागा: वाळूचे वय, शिअर वेव्हचा वेग आणि बंध मोडल्यानंतरची ताकद. त्या नसतील तर अहवाल अपुरा आहे, मग शेवटच्या पानावरचा आकडा कितीही चांगला असो.